बिबळ्याची नळी चौथ्या दिवशी तपकिरी: औषध टाकण्याआधी रंग कुठून आला ते बघा

केळीचं टिश्यू कल्चर (झाडाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून रोपं करणं) वर्षानुवर्षं सुरळीत चालवणारी लॅब बिबळा, खैर ही लाकूडझाडं किंवा मंजिष्ठा हा रंग देणारा वेल हातात घेते आणि पहिल्याच महिन्यात अडकते. तक्रार बहुतेक एका वाक्याची असते: "लावलं की काळं पडतं." सल्लाही ठरलेला मिळतो. कोळसा टाका, ॲस्कॉर्बिक आम्ल वाढवा, पीव्हीपी नावाची पूड घाला. तिन्ही टाकून होतात, नळ्या पुन्हा तपकिरी पडतात, आणि मग 'या झाडाचं टिश्यू कल्चर होत नाही' असा शेरा वहीत मारून ती जात बंद केली जाते.

तपकिरी पडणं हा एकच आजार नाही. फिनॉल (कापल्यावर झाडातून पाझरणारी, हवेने तपकिरी होणारी रसायनं), निर्जंतुकीकरणाने झालेली भाजणी, तुकड्याच्या आत दडलेले जिवाणू, करपलेला मीडिया (तुकड्याला अन्न देणारं मिश्रण), ग्रोथ रूममधली उष्णता आणि रंगवनस्पतींच्या बाबतीत खुद्द झाडाचा रंग, अशी निरनिराळी कारणं एकाच रंगात समोर येतात. त्यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो. म्हणून बाटलीत काहीही घालण्याआधी रंग कधी आला आणि नेमका कुठून सुरू झाला, याची नोंद हवी.

कधी आणि कुठून

तुकडा लावण्याआधीच मीडिया गडद दिसत असेल तर त्यात झाडाचा दोष नाही. छोट्या नळ्या आणि बाटल्यांना ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं पुरतात. कुणी सुरक्षितता म्हणून चाळीस मिनिटं ठेवतं, कुणी संध्याकाळी बंद करून रात्रभर आतच राहू देतं. साखर करपते, सामू घसरतो, आगर नीट बसत नाही. मीडियात दुधातल्या प्रथिनापासून केलेलं केसिन हायड्रोलायसेट असेल तर रंग आणखी चढतो. लोहाचा स्टॉक उजेडात राहून तळाशी गाळ धरत असेल तर तोही ओतून द्या. प्रत्येक बॅचमधल्या चार-पाच नळ्या काही न लावता रॅकवर ठेवल्या की हा प्रकार लगेच ओळखू येतो.

लावल्यापासून काही तासांत, फार तर दोन दिवसांत, कापलेल्या टोकाभोवती तांबूस-तपकिरी ढग पसरला आणि तुकड्याचा वरचा भाग अजून हिरवा असेल, तर तो फिनॉल.

मीडिया स्वच्छ आहे, पण तुकडा आधी वाळल्या गवतासारखा फिका झाला आणि मग सगळीकडून सारखाच तपकिरी पडला, तर ती निर्जंतुक करायच्या रसायनाची, मर्क्युरिक क्लोराइडची किंवा हायपोक्लोराइटची, भाजणी.

आठवड्याभराने, कधी तर थेट दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरनंतर (ताज्या मीडियात हलवल्यानंतर), बुडाशी दुधट वलय दिसलं आणि पाठोपाठ पिवळट-तपकिरी छटा आली, तर जिवाणू. नळी उजेडासमोर धरून खालून बघा; वरून पाहणाऱ्याला हे वलय दिसत नाही.

तीन-चार आठवडे छान वाढून शेंडेच काळे पडले, तर दोष खोलीत, झाकणात किंवा कॅल्शियमच्या पुरवठ्यात शोधायचा.

आणि रोप टवटवीत असून मुळांभोवती नारिंगी ते लाल छटा उतरली असेल, तर त्या नळीला हात लावू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फिनॉल: सगळ्यात जास्त नळ्या इथेच जातात

बिबळ्याच्या खोडावर घाव घातला की लाल चीक येतो आणि वाळून काळपट होतो. व्यापारात त्याला किनो म्हणतात. तुरट, टॅनिनने भरलेला. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला रंग चढतो, तोही फिनॉलवर्गी रसायनांचाच. खैराचा कात म्हणजे तर हीच रसायनं उकळून घट्ट केलेली. ज्या गुणासाठी वैद्य आणि रंगारी या झाडांकडे जातात, तोच गुण दीड सेंटिमीटरच्या तुकड्याला बाटलीत मारतो. केळीतही फिनॉलचा त्रास असतो, पण केळीचा गड्डा मोठा, रसदार आणि झपाट्याने वाढणारा असल्यामुळे तो तगतो. लाकूडझाडाच्या डोळ्याकडे तेवढी शिदोरी नसते.

पेशीत फिनॉल रिक्तिकेत साठवलेले असतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, वेगळ्या कप्प्यात असतं. ब्लेडने पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि क्विनोन तयार होतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच वाटेने, आणि ते चिरल्याबरोबर पाण्यात टाकण्यामागचं शहाणपण इथेही कामाला येतं. क्विनोन प्रथिनांना चिकटतात, विकरं निकामी करतात, कापलेल्या टोकावर थर धरतात. मग खालून अन्न मिळत नाही आणि वरचा हिरवा डोळा उपाशी मरतो.

यातून लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही क्रिया कापल्याच्या क्षणी सुरू होते. मीडियात काय घातलंय याचा विचार त्यानंतरचा. तरी बहुतेकांचे सगळे प्रयोग मीडियावरच होतात.

म्हणून सुरुवात मदर प्लांटपासून, म्हणजे ज्या झाडाचे डोळे घ्यायचे त्यापासून, करा. जंगलातल्या जुन्या झाडाची फांदी आणून लावणं म्हणजे फिनॉल आणि बुरशी दोन्ही सोबत आणणं. पिशवीतलं किंवा कुंडीतलं रोप शेडनेटखाली ठेवा, पाणी बुंध्याशी द्या, पानांवर फवारू नका. डोळे घेण्याच्या दोनेक आठवडे आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारा. रोप छाटा आणि छाटणीनंतर फुटलेली कोवळी, अजून लाकूड न धरलेली फूट घ्या. ऐन पावसात घेतलेल्या फुटीवर बुरशीचा भार एवढा असतो की निर्जंतुकीकरण कडक करावं लागतं आणि त्या कडकपणानेच फिनॉल वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये नवी जात सुरू करण्याची घाई मला कधीच पटलेली नाही.

कापताना: नवीन ब्लेड, आणि तेही थोड्या थोड्या तुकड्यांनंतर बदलायचं. बोथट ब्लेड कापत नाही, चेंगरतं. तुकडे नंतर १ ते २ सेंटिमीटरचे होणार असले तरी निर्जंतुक करताना थोडे लांब ठेवा आणि दोन्ही टोकं वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून बंद करा. मेणामुळे निर्जंतुकीकरणाचं द्रावण आत शिरत नाही. नंतर लॅमिनारखाली (निर्जंतुक हवेच्या कपाटात) मेणाची टोकं छाटायची, तीही हवेत नाही तर निर्जंतुक, थंडगार ॲस्कॉर्बिक-सायट्रिक द्रावणात बुडवून. लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आणि साधारण तेवढंच सायट्रिक, फ्रिजमधलं, आणि त्याच दिवशी केलेलं. कापलेले तुकडे त्यात अर्धा तास राहू द्या.

'त्याच दिवशी केलेलं' यावर माझा जोर आहे. ॲस्कॉर्बिक आम्ल उष्णतेने आणि हवेने खराब होतं. ऑटोक्लेव्ह केलेल्या मीडियातल्या ॲस्कॉर्बिकचा बराचसा भाग लावण्याआधीच संपलेला असतो. उरलेलं लोह-तांब्याच्या सोबतीने काही दिवसांत स्वतःच ऑक्सिडीकृत होतं आणि मग मदत करायचं सोडून त्रास वाढवतं. द्रावण पिवळं दिसलं की टाकून द्या. मीडियात घालायचंच असेल तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून, मीडिया कोमट झाल्यावर. बाजारात 'अँटीब्राउनिंग' म्हणून तयार पुड्या मिळतात. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर पैसे वाचवा.

पहिल्या दोन दिवसांसाठी द्रव मीडियावर गाळणकागदाचा पूल करून तुकडा त्यावर ठेवला तर बाहेर पडणारा फिनॉल पातळ होऊन दूर जातो. तेवढी सोय नसेल तर घट्ट मीडियावर लावा, पण २४ तासांत उचलून ताज्या नळीत हलवा. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. मजूर कमी असतील तर त्याच नळीत, ढगापासून दूरच्या कडेला तुकडा सरकवला तरी फरक पडतो. सुरुवातीला एका नळीत एकच तुकडा लावा. जारमध्ये आठ तुकडे लावून एकाच्या फिनॉलने बाकीचे सात मारण्याची काटकसर परवडत नाही.

पहिला आठवडा, बिबळ्यासारख्या झाडांना दहा दिवससुद्धा, अंधारात ठेवा. उजेडात फिनॉल तयार होण्याचा आणि त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग दोन्ही वाढतात. नळ्यांच्या रॅकवर काळं कापड टाकलं तरी चालतं, फक्त त्याखाली उष्णता कोंडू देऊ नका.

आता मीडिया. पूर्ण ताकदीचा एमएस (मुराशिगे-स्कूग मीडिया) हा १९६२ साली तंबाखूच्या कॅलससाठी (पेशींच्या आकारहीन गोळ्यासाठी) बेतलेला आहे. त्यात लिटरला १,६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असतं. लाकूडझाडांसाठी आखलेल्या डब्ल्यूपीएममध्ये तेच ४०० आहे. फिनॉलचा जोर असलेल्या जातींना सुरुवात अर्ध्या एमएसवर किंवा डब्ल्यूपीएमवर द्या आणि वाढ लागल्यावर पूर्ण ताकदीकडे या. कोंब फोडणारं संप्रेरक बीएपीसुद्धा लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. 'फूट येत नाही म्हणून बीएपी ३ केलं' हे वाक्य ऐकलं की पुढचं वाक्य 'आणि काळं पडलं' हे असणारच.

पीव्हीपी हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. तो फिनॉलला बांधून ठेवतो आणि संप्रेरकांना फारसा हात लावत नाही.

एवढं करूनही जुन्या झाडाचा डोळा लागत नसेल तर बियांकडे वळा. बिबळ्याची पंखवाली शेंग फोडून बी काढायचं, निर्जंतुक करून बाटलीतच रुजवायचं आणि रोपाच्या बीजपत्रांच्या पेराचा तुकडा लावायचा. भारतात बिबळ्यावर झालेलं चांगलं काम बव्हंशी याच तुकड्यावर झालं आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या गटाने २००७ साली याच पेरावर अगदी अल्प थायडियाझुरॉन (हेही बीएपीसारखं कोंब फोडणारं) वापरून बिबळ्याचे भरपूर कोंब मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. हे रोप बाटलीतच जन्मल्यामुळे त्याला मर्क्युरिकची गरज नाही आणि कोवळेपणामुळे फिनॉलही कमी. पण यात एक सौदा आहे: बियांपासून निघालेलं रोप आईची हुबेहूब नक्कल नसतं. तुम्हाला वनीकरणासाठी किंवा संवर्धनासाठी रोपं हवी असतील तर हे उत्तमच, उलट विविधता राखली जाते. एखादं ठरावीक, भरपूर गाभा असलेलं झाडच हजारोंनी हवं असेल तर मात्र ही वाट तुमची नाही, आणि ग्राहकाला 'निवडक झाडाची रोपं' म्हणून ती विकूही नये.

कोळशाचं काय

कोळसा फिनॉल शोषतो हे खरं. पण तो बीएपी शोषतो, मुळं फोडणारी एनएए आणि आयबीए ही संप्रेरकंही शोषतो. गुणनाच्या (कोंबांची संख्या वाढवण्याच्या) टप्प्यात कोळसा घालून 'कोंब वाढत नाहीत' म्हणून बीएपी दुप्पट करणारी लॅब स्वतःच्याच दोन हातांशी कुस्ती खेळते. बीएपी किती उपलब्ध आहे हे मग कुणालाच सांगता येत नाही, कारण कोळशाची शोषणशक्ती ब्रँडनुसार आणि बॅचनुसार बदलते.

दुसरा तोटा कमी बोलला जातो: काळ्या मीडियात जिवाणूंचं दुधट वलय दिसत नाही. फिनॉलच्या भीतीने सुरुवातीलाच कोळसा घातलेल्या नळ्यांमधून जंतू गुपचूप गुणनात जातात आणि तिसऱ्या सबकल्चरला अख्खा रॅक बसतो.

कोळशाची जागा दोन ठिकाणी. पहिल्या आठवड्यात संप्रेरक नसलेल्या मीडियात, लिटरला १ ते २ ग्रॅम, बाकी काही जमत नसेल तर. आणि मुळं फुटल्यानंतर, ती अंधारात वाढावीत म्हणून. दोन्ही वेळा सामू कोळसा घातल्यानंतर जुळवा, आधी नव्हे, आणि ओतताना ढवळत राहा, नाहीतर पहिल्या नळ्या पांढऱ्या आणि शेवटच्या डांबरासारख्या.

भाजणी

मर्क्युरिक क्लोराइड ०.१ टक्का, कोवळ्या फुटीला तीन ते पाच मिनिटं. दहा मिनिटं ठेवलं की जंतू गेले आणि तुकडाही गेला. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने निदान चार-पाच वेळा धुवा. पारा राहिला तर तुकडा हळूहळू मरतो आणि दोष फिनॉलवर जातो. शक्य तिथे मी हायपोक्लोराइटच्या बाजूने आहे: एक ते दोन टक्के उपलब्ध क्लोरीन, ट्वीन-२० या साबणवर्गी द्रवाचे दोन थेंब, दहा ते पंधरा मिनिटं. पाऱ्याचं वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नसतं. वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचं.

मंजिष्ठेच्या खोडावर बारीक उलटे काटे असतात आणि त्यात धूळ अडकते. तिथे रसायनाची वेळ वाढवण्याऐवजी मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासणं आणि अर्धा-पाऊण तास वाहत्या नळाखाली ठेवणं जास्त कामाचं.

आत बसलेले जिवाणू

काही जिवाणू झाडाच्या आतच, वाहिन्यांमध्ये राहतात. बाहेरून कितीही धुतलं तरी ते जात नाहीत, आणि मीडियात ते लगेच वाढतही नाहीत. त्यांना एमएस फारसा मानवत नाही. झाड अशक्त झालं किंवा मीडिया बदलला की अचानक उगवतात. म्हणून 'पहिल्या दोन सबकल्चरला स्वच्छ होतं' याला पुरावा समजू नका. दर बॅचमधल्या काही तुकड्यांची बुडं कापून पोषक आगरवर ओढा आणि ३० अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवा. तिथे ते लपत नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे तुमचा चिमटा. बॅसिलसचे बीजाणू ७० टक्के अल्कोहोलमध्ये मरत नाहीत. अल्कोहोलच्या ज्या भांड्यात सकाळपासून सगळे चिमटे बुडवले जातात त्यातच ते साठतात. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच ऑपरेटरच्या, एकाच दिवसाच्या, वेगवेगळ्या जातींच्या नळ्यांत सारखाच जंतू आला असेल तर तो झाडातून आलेला नाही. काचेच्या मण्यांचा स्टरिलायझर २५० अंशांवर चालवा आणि अल्कोहोल दर सत्रात बदला.

सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक लिटरला २५० मिलिग्रॅम, गाळणीतून, हा दाबून ठेवण्याचा उपाय आहे. थांबवलं की बरेचदा जिवाणू परततात. मौल्यवान जात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान शेंडा काढून नव्याने सुरुवात करा. मौल्यवान नसेल तर सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्ह करून फेका आणि दुसऱ्या मदर प्लांटकडे जा. आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक देत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मंजिष्ठेची लाल नळी

मंजिष्ठेच्या मुळांत पर्प्युरिन आणि मंजिष्टिनसारखी अँथ्राक्विनोन ही रंगद्रव्यं असतात. बाटलीत मुळं फुटली की तीही नारिंगी-लाल दिसतात आणि रंग थोडा आगरमध्ये उतरतो. बिबळ्यावर हात पोळलेला माणूस हे पाहून घाबरतो आणि चांगली मुळं असलेली रोपं फेकून देतो किंवा कोळशात हलवतो.

शंका असेल तर टाकून द्यायच्या नळीतलं चिमूटभर रंगीत आगर थोड्या पाण्यात कोमट करा आणि दोन भाग करा. एकात पातळ कॉस्टिक सोड्याचा थेंब टाका: रंग स्वच्छ गुलाबी-लाल ते जांभळट झाला तर अँथ्राक्विनोन. मळकट तपकिरीच राहिला किंवा आणखी मळकट झाला तर टॅनिनसारखे फिनॉल. दुसऱ्या भागात फेरिक क्लोराइडच्या १ टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका: निळसर-काळं किंवा हिरवट-काळं झालं तर टॅनिन. रंगारी हिरडा आणि हिराकस एकत्र आणून कापड काळं करतात, त्याच मेळाची ही छोटी आवृत्ती. अँथ्राक्विनोनही लोहाबरोबर गडद होऊ शकतात, म्हणून निर्णय सोड्याच्या थेंबावर घ्या, लोहाच्या थेंबाने फक्त दुजोरा. हातमोजे घाला, आणि कोळसा असलेल्या मीडियावर ही चाचणी करू नका.

निळीची गोष्ट आणखी वेगळी. जिवंत पानात निळीचं मूळ द्रव्य, इंडिकन, रंगहीन असतं. पेशी फुटून त्याचं इंडॉक्सिल आणि मग हवेने नीळ होते. म्हणून नीळ लावलेल्या नळीत पानावर निळसर-काळा डाग दिसला तर तो रंग तयार होण्याचा शुभशकुन नव्हे, तिथल्या पेशी मेल्याची पावती आहे.

मंजिष्ठेबद्दल एक सरळ मत: हा वेल पेरापाशी सहज मुळं धरतो. तुम्हाला शे-दोनशे रोपं हवी असतील तर छाट कलम लावा, लॅब कशाला? टिश्यू कल्चरचा खर्च तेव्हाच वसूल होतो, जेव्हा एकसारख्या निवडक वेलाची हजारो रोपं एका वेळी द्यायची असतात.

ज्यांना रोप नको, रंगच हवा आहे

हा धंदा वेगळा आणि त्याचे नियम उलटे. बारतोंडी, म्हणजे आली, या झाडाच्या पेशी द्रव मीडियात वाढवून अँथ्राक्विनोन मिळवण्याचं काम जर्मनीत मेनहार्ट झेंक यांच्या गटाने १९७५ साली प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की एनएए असलेल्या मीडियात रंग तयार होतो आणि २,४-डी असलेल्या मीडियात पेशी वाढतात, पण रंग दबतो. कॅलस पांढरा राहतो म्हणून हैराण असलेल्यांनी आधी आपली ऑक्झिनची (एनएए, २,४-डी या वर्गातल्या संप्रेरकांची) बाटली बघावी.

जपानमध्ये मुरासाकी या झाडाच्या मुळातला शिकोनिन हा जांभळट-लाल रंग, जो औषधही आहे, मित्सुई पेट्रोकेमिकलने १९८० च्या दशकात टाक्यांमध्ये पेशी वाढवून बाजारात आणला. तो लिपस्टिकमध्येही गेला. तिथेही २,४-डी मारक, उजेड मारक, अमोनियम मारक आणि तांबं पोषक. म्हणून त्यांनी काम दोन टप्प्यांत विभागलं: आधी पेशी वाढवायच्या एका मीडियात, मग अमोनियम नसलेल्या दुसऱ्या मीडियात रंग धरायला सोडायच्या.

रोपं करणाऱ्या लॅबने यातून एवढंच घ्यावं की वाढ आणि रंग एकाच नळीत, एकाच वेळी, भरपूर मागू नयेत. मंजिष्ठेच्या गुणनाच्या टप्प्यात कोंब फिके हिरवे आणि बूड जवळपास रंगहीन असेल तर काही बिघडलेलं नाही.

चौथ्या आठवड्यातले काळे शेंडे

ग्रोथ रूम २५ अंशांना दोन इकडे-तिकडे. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी वीज गेली की एसी बंद, पण इन्व्हर्टरवर दिवे चालूच, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो. खोली तासाभरात तिशी ओलांडते आणि दिव्याजवळचा वरचा रॅक त्याहून पुढे जातो. वीज गेली की दिवेही जातील अशी जोडणी करा. अंधारात काही तास काढल्याने कोंब मरत नाहीत. कमाल-किमान तापमापक वरच्या रॅकवर ठेवा, दारापाशी नाही.

तापमान ठीक असूनही फक्त शेंडा काळा पडत असेल तर कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. घट्ट बंद झाकणाच्या बाटलीत हवा दमट, पानातून पाणी उडत नाही, आणि कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबरच वर चढतं. मीडियात कॅल्शियम थोडं वाढवण्याआधी हवा खेळणारी झाकणं वापरून बघा. सबकल्चर पाचव्या आठवड्यावर ढकलत असाल तर ते चौथ्याच्या आत आणा.

बदल करताना एकच करा. अंधार, पीव्हीपी, अर्धा एमएस आणि नवीन ब्लेड एकाच सोमवारी सुरू केलं आणि नळ्या वाचल्या, तर वाचवलं कशाने ते कळत नाही आणि चारही खर्च कायमचे मागे लागतात. प्रत्येक बदलाला निदान वीस नळ्या आणि शेजारी वीस जुन्या पद्धतीच्या. नळीवर मदर प्लांटचा क्रमांक, ऑपरेटरचं आद्याक्षर आणि तारीख. निम्मे निदान या तीन गोष्टींवरूनच होतं.

मुळांच्या टप्प्यावर

बिबळ्याचे कोंब झाले तरी मुळं धरताना बूड पुन्हा तपकिरी पडतं, कारण तिथे परत ब्लेड चाललेलं असतं. आयबीए मीडियात महिनाभर ठेवलं तर बुडाशी कॅलसचा गोळा होतो आणि तोच कुजतो. त्यापेक्षा कोंब काही दिवस तीव्र आयबीए असलेल्या अर्ध्या एमएसच्या द्रवात ठेवून मग अगदी कमी आयबीएच्या अर्ध्या एमएसवर हलवावेत. अलीगढच्या कामात या दुसऱ्या मीडियात थोडं फ्लोरोग्लुसिनॉलही घातलं आहे. ते स्वतः एक फिनॉल आहे. आठवडेच्या आठवडे फिनॉलशी भांडून शेवटी मुळांसाठी आपणच तो विकत आणून टाकतो, याची गंमत वाटते खरी.

मुळं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची झाली की बाहेर काढा. लांब मुळांची वाट पाहू नका. ती हार्डनिंगला (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावताना) हाताळताना तुटतात आणि तुटलेल्या टोकांतून कूज शिरते. आगर कोमट पाण्यात पूर्ण धुवा, साखरेचा अंश राहिला तर कोकोपीटमध्ये बुरशी धरते. पहिले दोन आठवडे दमट कक्षात, त्यानंतर झाकण दिवसाला थोडं थोडं उघडत न्या. जुनी पानं इथे पिवळी-तपकिरी होऊन गळतात, त्यांचा शोक करू नका. बाटलीतली पानं बाहेरच्या हवेसाठी बनलेलीच नसतात. नवीन पान फुटलं की ते रोप शेडनेटमध्ये न्यायला तयार समजा.